सिक्वेन्सिंग लायब्ररीला कोणता बफर मानवतो?

सिक्वेन्सिंग लायब्ररी म्हणजे क्रम वाचण्यासाठी तयार केलेला, दोन्ही टोकांना ज्ञात क्रमाचे अ‍ॅडॅप्टर जोडलेल्या डीएनए तुकड्यांचा संच. ती तयार करण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रोटोकॉलच्या शेवटी एक लहानसे वाक्य असते: बीड्स (डीएनए धरून ठेवणारे कण) वाळू द्या आणि डीएनए अमुक इतक्या मायक्रोलिटर बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) इल्यूट करा, म्हणजे त्यांच्यावरून सोडवून घ्या. त्याआधीच्या पायऱ्यांविषयी, म्हणजे तुकड्यांची लांबी, अ‍ॅडॅप्टरचे प्रमाण, पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या अभिक्रियेची) चक्रे यांविषयी प्रयोगशाळेत पुष्कळ विचार होतो. हे शेवटचे वाक्य मात्र हाताशी जी बाटली असेल ती उघडून उरकले जाते. लायब्ररी त्याच दिवशी सिक्वेन्सरवर जाणार असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. पण ती फ्रीझरमध्ये ठेवायची असेल, काही महिन्यांनी आणखी रीड्ससाठी (वाचलेल्या क्रमांसाठी) पुन्हा चालवायची असेल, किंवा मूळ नमुना संपून गेल्यामुळे त्याचा उरलेला सगळा डीएनए त्या एकाच ट्यूबमध्ये असेल, तर ते वाक्य आधीच्या सर्व वाक्यांइतकेच महत्त्वाचे ठरते. लायब्रऱ्या तयार करणे आणि सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या एका प्रश्नावर नवीन सहकाऱ्यांना मी जे सांगते ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रथम एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण बफरविषयीचे बहुतेक सल्ले जीनोमिक डीएनएला उद्देशून दिलेले असतात आणि तेच जसेच्या तसे लायब्ररीला लावले जातात. जीनोमिक डीएनएचे रेणू लांब असतात, त्याची संहती मायक्रोलिटरला काही दहा किंवा शंभर नॅनोग्रॅम असते, आणि त्याच्यावर पुढे कोणती प्रक्रिया होणार हे साठवताना पुष्कळदा ठाऊक नसते. लायब्ररीचे सगळेच उलट आहे. तिचे तुकडे आखूड असतात, बहुधा ३०० ते ६०० बेस-जोड्यांचे. त्यांची दोन्ही टोके ज्ञात असतात. आणि ट्यूब उघडल्यावर तिच्यावर काय होणार आहे, याच्या शक्यता मोजक्याच असतात. ४ नॅनोमोलार संहतीची, सरासरी ४०० बेस-जोड्यांची लायब्ररी घेतली, तर तिच्या एका मायक्रोलिटरमध्ये जेमतेम १ नॅनोग्रॅम डीएनए असतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की बफर निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: ट्यूबमधली संहती किती आहे, आणि ही ट्यूब उघडल्यानंतरची पहिली अभिक्रिया कोणती आहे. किती काळ साठवायचे हा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण तो पर्याय सर्वांत निरुपद्रवी वाटतो. न्यूक्लिएज-मुक्त (डीएनए तोडणारी एन्झाइमे नसलेल्या) पाण्यात कोणतेच रसायन नसल्यामुळे पुढच्या कोणत्याही अभिक्रियेत ते आड येणार नाही, हा युक्तिवाद ऐकायला सयुक्तिक आहे. परंतु पाण्यात पीएच धरून ठेवणारे काहीच नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि हवेशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ५.६ पर्यंत उतरतो. बाटली जितक्या वेळा उघडली जाईल आणि ट्यूबमधले आकारमान जितके लहान असेल तितके हे लवकर घडते. दुसरी अडचण क्षारांच्या अभावाची आहे. डीएनएच्या दोन्ही साखळ्यांवर फॉस्फेटचे ऋण प्रभार असतात, आणि त्यांच्यातील प्रतिकर्षण शमवायला द्रावणात धन आयन लागतात. ते जवळजवळ नसलेल्या पाण्यात, विशेषतः संहती कमी असताना, आखूड दुहेरी साखळ्या सामान्य तापमानालाही उलगडू शकतात. उलगडलेला भाग रासायनिक दृष्ट्या अधिक नाजूक असतो आणि मोजणीतही फसवतो. दुहेरी साखळीलाच चिकटणाऱ्या रंगद्रव्यावर आधारित फ्लुरोमीटर अशा लायब्ररीची संहती कमी दाखवतो, तर क्यूपीसीआर (प्रती वाढवत मोजणी करणारे पीसीआर) तिला पूर्ण मोजतो. पाण्यात ठेवलेल्या लायब्ररीच्या या दोन आकड्यांत अंतर पडलेले दिसले, तर माझी पहिली शंका याच उलगडण्यावर असते.

आम्लता का नको, याचे कारण डीएनएच्या रचनेतच आहे. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन या प्युरीन बेसांना शर्करेशी जोडणारा बंध पाण्याच्या क्रियेने तुटतो. आम्ल जितके अधिक, तितका तो वेगाने तुटतो. प्युरीन गळून पडलेल्या जागी साखळी अशक्त होते आणि पुढे, विशेषतः उष्णतेने किंवा अल्कलीने, तिथेच तुटते. टोमास लिंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या प्युरीन गळण्याचा वेग मोजला होता, आणि डीएनएच्या दुरुस्तीवरील कामासाठी लिंडाल यांना पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सस्तन प्राण्यांच्या एका पेशीत रोज हजारो प्युरीन असे गळतात आणि पेशी ते दुरुस्त करत राहते. ट्यूबमध्ये दुरुस्ती करणारे कोणी नसते. दुसरी क्रिया सायटोसिनची: त्याचा अमिनो गट जाऊन युरॅसिल तयार होते, आणि रीडमध्ये त्या जागी सी ऐवजी टी दिसतो. ही क्रिया एकेरी साखळीत दुहेरीच्या तुलनेत शंभराहून अधिक पट वेगाने होते, म्हणजे साखळ्या उलगडू न देणे हेच तिच्यावरचे मोठे संरक्षण आहे.

इथे प्रमाणाचे भान मात्र ठेवले पाहिजे. या सर्व क्रिया तापमानावर फार अवलंबून असतात, आणि उणे २० अंशांना, पीएच ८ च्या बफरमध्ये, काही महिन्यांत त्यांच्यामुळे लायब्ररीचे जाणवेल असे नुकसान होत नाही. पाठ्यपुस्तकात डीएनएच्या ऱ्हासाची जी कारणे सर्वांत आधी शिकवली जातात, ती नीट बफरमध्ये ठेवलेल्या लायब्ररीच्या बाबतीत सर्वांत शेवटी येतात. तिचे खरे नुकसान होते ते ट्यूबच्या भिंतीला रेणू चिकटल्यामुळे, बाहेरून आलेल्या न्यूक्लिएजमुळे, थेंबाथेंबाने पाणी उडून गेल्यामुळे आणि ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवल्यामुळे. बफर निवडताना मी या यादीकडे अधिक लक्ष देते.

बफरचा पाया म्हणून ट्रिस घेण्याला आज फारसा पर्याय नाही आणि तो शोधण्याची गरजही नाही. त्याचा पीकेए २५ अंशांना सुमारे ८.१ आहे, म्हणजे डीएनएला जो पीएच मानवतो तिथेच त्याची धारणक्षमता सर्वाधिक असते. त्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो: तापमान एका अंशाने घटले की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने वाढतो. २५ अंशांना ८.० असलेला ट्रिस ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातो. साठवणीसाठी ही दिशा सोयीची आहे, कारण थंड झाल्यावर द्रावण आम्लाकडे न झुकता अल्कलीकडे झुकते आणि डीएनएला त्याचा त्रास नसतो. सोडियम फॉस्फेटच्या बफरचे नेमके उलट होते. गोठताना त्यातला डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिकरूपात बाहेर पडतो आणि उरलेल्या द्रावाचा पीएच कित्येक एककांनी खाली जाऊ शकतो. म्हणून फॉस्फेट बफरमध्ये काहीही गोठवून ठेवू नये असे मी आग्रहाने सांगते. ट्रिसचा पीएच ८.० असावा की ८.५, यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. सिलिका कॉलमच्या किटमधला इल्यूशन बफर बहुधा १० मिलिमोलार ट्रिस, पीएच ८.५ असा असतो, आणि त्यात लायब्ररी उत्तम राहते.

खरा वाद असतो तो ईडीटीएचा, आणि इथे थोडे थांबून हिशोब करणे आवश्यक आहे.

ईडीटीए द्विसंयुजी धातूंचे आयन एकास एक या प्रमाणात धरून ठेवते. डीएनएज-१ सारख्या न्यूक्लिएजना मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतात. ते मिळाले नाहीत तर एन्झाइम ट्यूबमध्ये असूनही निष्क्रिय राहते. साठवणीच्या दृष्टीने हे मोठे संरक्षण आहे, कारण हातमोजा, पिपेटचे टोक, झाकणाची कड यांपैकी कशावरून अत्यल्प न्यूक्लिएज आले तर ते ओळखण्याचे साधन आपल्यापाशी नसते आणि पुढचे कित्येक महिने ते काम करत राहू शकते. प्रत्येक न्यूक्लिएज ईडीटीएने थांबते असे मात्र नाही: डीएनएज-२ ला धातूंची गरज नसते, पण ते आम्लात कार्यक्षम असते आणि पीएच ८ ला त्याचे फारसे चालत नाही. म्हणजे ट्रिस आणि ईडीटीए एकमेकांच्या उणिवा भरून काढतात.

आक्षेप असा घेतला जातो की हेच ईडीटीए पुढच्या अभिक्रियेतले मॅग्नेशियमही धरेल. आक्षेप बरोबर आहे. प्रश्न किती, एवढाच आहे. जुन्या पद्धतीच्या टीईमध्ये १० मिलिमोलार ट्रिस आणि १ मिलिमोलार ईडीटीए असते. या टीईमधल्या लायब्ररीचे १० मायक्रोलिटर ५० मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये घातले, तर ईडीटीएची अंतिम संहती ०.२ मिलिमोलार होते. अभिक्रियेत मॅग्नेशियम २ मिलिमोलार असेल आणि चारही न्यूक्लिओटाइड प्रत्येकी ०.२ मिलिमोलार असतील, तर ०.८ मिलिमोलार मॅग्नेशियम न्यूक्लिओटाइडांशी बांधलेले धरावे, उरलेल्या १.२ मधून ०.२ गेले तरी १ मिलिमोलार मोकळे राहते. पीसीआर चालते. कमी ईडीटीएचा टीई, ज्यात ते फक्त ०.१ मिलिमोलार असते, वापरला तर हीच घट ०.०२ मिलिमोलार होते आणि ती विसरून जावी इतकी लहान आहे. क्यूपीसीआरसाठी तर लायब्ररी दहा हजार पट किंवा त्याहून अधिक पातळ केली जाते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

सिक्वेन्सरवर चढवतानाचा हिशोबही असाच निघतो. लायब्ररी बाहेरच सोडियम हायड्रॉक्साइडने उलगडण्याची नेहमीची पद्धत घ्या: ४ नॅनोमोलार लायब्ररीचे ५ मायक्रोलिटर, तितकेच ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, पाच मिनिटांनंतर ९९० मायक्रोलिटर हायब्रिडायझेशन बफर, म्हणजे २० पिकोमोलार. मूळ टीईतले १ मिलिमोलार ईडीटीए इथे ५ मायक्रोमोलारवर येते. हे पाहिल्यावर ईडीटीएमुळे क्लस्टर (सिक्वेन्सरवर वाचले जाणारे डीएनए-प्रतींचे पुंजके) कमी येतात ही भीती निराधार असल्याचे लक्षात येते.

मग ही भीती आली कुठून? माझ्या मते ती लायब्ररी तयार करण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरून शेवटच्या टप्प्यावर आली आहे. टीएन५ ट्रान्सपोझेजने किंवा तुकडे करणाऱ्या एन्झाइमांनी डीएनए कापताना मॅग्नेशियमचे प्रमाण काटेकोर असावे लागते, आणि तिथे नमुन्याचे आकारमान एकूण अभिक्रियेच्या निम्म्याहूनही अधिक असू शकते. त्या टप्प्यावर नमुन्यातले १ मिलिमोलार ईडीटीए तुकड्यांची लांबी खरोखरच बदलू शकते, म्हणून काही किटमध्ये त्याची भरपाई करणारे वेगळे द्रावणही दिलेले असते. तो इशारा मूळ डीएनएसाठी आहे; तयार झालेल्या लायब्ररीवर ही एन्झाइमे पुन्हा चालवायची नसतात. अपवाद एकच सांभाळावा: लायब्ररी दुसऱ्या प्रकारच्या सिक्वेन्सरसाठी रूपांतरित करायची असेल आणि त्यासाठी मॅग्नेशियमवर चालणाऱ्या लायगेजच्या (डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमच्या) अभिक्रियेत तिचे मोठे आकारमान घालायचे असेल, तर वर केला तसा हिशोब त्या अभिक्रियेसाठी आधी करावा. कमी ईडीटीएच्या टीईमध्ये ठेवलेल्या लायब्ररीच्या बाबतीत तोही बहुधा निश्चिंत करणारा निघतो.

धातूंविषयी आणखी एक गोष्ट, जी साठवणीच्या चर्चेत क्वचितच येते. लोह आणि तांबे यांचे अंश पेरॉक्साइडच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिल मूलके निर्माण करतात, आणि ती ग्वानिनचे ऑक्सिडीकरण करतात. त्यातून तयार होणारे ८-ऑक्सोग्वानिन अ‍ॅडेनिनशी जोडी जमवते आणि रीडमध्ये जी च्या जागी टी येतो. ईडीटीए लोह धरते, पण त्याला पूर्णपणे निष्क्रिय करत नाही. उलट लोह आणि ईडीटीए यांची जोडी डीएनएवर मूलके सोडण्यासाठी फूटप्रिंटिंगच्या (प्रथिन डीएनएवर कुठे बसते ते शोधण्याच्या) प्रयोगांत मुद्दाम वापरली जाते. म्हणून ईडीटीए घातले की ऑक्सिडीकरणाची चिंता मिटली, असे समजू नये. ती चिंता कमी ठेवायची असेल तर पेरॉक्साइडच येऊ न देणे हा मार्ग आहे, आणि त्याचा संबंध पुढच्या घटकाशी, म्हणजे ट्वीन २० या डिटर्जंटशी येतो.

पातळ लायब्ररीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ती ज्या ट्यूबमध्ये आहे ती ट्यूब. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागावर डीएनए चिकटतो, द्रावणात क्षार जास्त असतील तर अधिक चिकटतो, आणि आखूड तुकडे तिथे उलगडूही शकतात. चिकटण्याच्या जागा ठरावीक असतात, त्यामुळे ५० नॅनोमोलारच्या लायब्ररीला त्याचे काही वाटत नाही. ४ नॅनोमोलारच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे २४० कोटी रेणू असतात. १० पिकोमोलारच्या एका मायक्रोलिटरमध्ये ते ६० लाखांवर येतात. या दुसऱ्या द्रावणातून भिंतीने घेतलेला वाटा मोठा असतो, आणि तो दर दिवशी, दर ट्यूबला वेगळा असतो. क्यूपीसीआरच्या पातळ केलेल्या नमुन्यांत एका आठवड्यानंतर आकडे खाली सरकलेले दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा डीएनए तुटल्याचे नसून तो भिंतीवर गेल्याचे असते. यावर उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही एकत्र करावेत: डीएनए कमी चिकटेल अशा खास ट्यूब वापरणे आणि बफरमध्ये ०.०५ ते ०.१ टक्के ट्वीन २० घालणे. क्यूपीसीआरसाठी लायब्ररी पातळ करताना ट्रिसमध्ये ०.०५ टक्के ट्वीन सांगितलेले असते ते याच कारणाने, आणि ज्या नव्या सिक्वेन्सरमध्ये लायब्ररी यंत्रातच उलगडली जाते त्यांच्यासाठी ती ट्वीन असलेल्या बफरमध्ये पातळ करायला सांगतात तेही याचसाठी.

ट्वीनचा दोष असा की ते हवेत आणि उजेडात जुने होत जाते आणि त्यात पेरॉक्साइड तयार होतात. मोठी बाटली वर्षानुवर्षे कपाटात ठेवून तिच्यातून दर वेळी थोडे काढणे म्हणजे वर सांगितलेल्या ऑक्सिडीकरणाला आपणच कच्चा माल पुरवणे होय. मी शुद्ध दर्जाच्या ट्वीनचे १० टक्क्यांचे द्रावण लहान आकारमानांत भागून, उजेडापासून दूर, थंड ठेवते आणि त्यावर तारीख घालते. २०१३ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवून दिले होते की ध्वनिलहरींनी तुकडे करतानाच्या ऑक्सिडीकरणातून नमुन्यात मुळात नसलेले बदल सिक्वेन्सिंगच्या माहितीत उतरतात आणि अँटिऑक्सिडंट घातल्यावर ते कमी होतात. ते साठवणीविषयीचे काम नव्हते, पण द्रावणातल्या अशुद्धीचे पडसाद थेट निष्कर्षांत कसे उमटतात हे त्यावरून कळते.

अशा नुकसानीने नेमके काय बिघडते, हेही विचारले पाहिजे. सामान्य जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये एका जागेवर तीस-चाळीस रीड्स असतात. त्यांपैकी एखाद्या रेणूतला युरॅसिल निष्कर्ष बदलत नाही. रक्तातल्या मोकळ्या डीएनएमध्ये हजारांत एक असे उत्परिवर्तन शोधत असाल तर मात्र तसा एकेक रेणू मोजला जातो. तिथेही एक दिलासा आहे: प्रत्येक मूळ रेणूला ओळखचिन्ह लावून नंतर पीसीआर केले असेल, तर साठवणीतले नुकसान एकाच मूळ रेणूच्या वेगवेगळ्या प्रतींवर वेगवेगळ्या ठिकाणी पडते आणि एकमताच्या क्रमात गळून जाते. पीसीआर-मुक्त लायब्ररीला हे संरक्षण नाही. तिच्यातला प्रत्येक रेणू एकमेव असतो, आणि तिचे वर्धन केले तर ती पीसीआर-मुक्त राहत नाही. मोजक्या ट्यूबसाठीच सर्वाधिक काळजी घेणे शक्य असेल, तर ती या लायब्रऱ्यांसाठी घ्यावी.

हायब्रिडायझेशनने (जुळणाऱ्या साखळीशी जोडी जमवून) निवडक भाग पकडायचे असतील तर बफरच्या निवडीला वेगळे वळण लागते, कारण तिथे अनेक लायब्रऱ्या एकत्र करून निर्वातात वाळवल्या जातात. पाणी जाते, बाकीचे राहते. ५० मायक्रोलिटर टीई आटून ५ मायक्रोलिटर झाले तर ट्रिस १०० मिलिमोलार, ईडीटीए १० मिलिमोलार आणि ०.१ टक्का ट्वीन असेल तर ते १ टक्का होते. पूर्ण वाळवून कमी द्रवात उचलले तरी तेच. ईडीटीएचे या टप्प्यावर वावडे नसते, पण क्षार आणि डिटर्जंट यांमुळे साखळ्या जुळण्याचे तापमान आणि नंतरच्या धुण्याची कठोरता बदलू शकते. अशा लायब्ररीसाठी मी ट्वीन वगळते, ईडीटीए ०.१ मिलिमोलारवर ठेवते आणि संहती मुळातच जास्त ठेवते, म्हणजे वाळवायचे आकारमान कमी होते आणि भिंतीचा प्रश्नही सुटतो. लगेच वाळवायची असेल तर पाण्यात इल्यूट करायलाही हरकत नाही. पाण्याला माझी मान्यता आहे ती एवढ्यापुरतीच.

नॅनोपोरच्या (डीएनए सूक्ष्म छिद्रातून ओढून वाचण्याच्या पद्धतीच्या) लायब्ररीला यातले काहीच लावू नये. अ‍ॅडॅप्टरवर मोटर प्रथिन बसलेले असते, ते जिवंत राखणे हा तिथला मुख्य प्रश्न असतो, आणि किटमध्ये दिलेला इल्यूशन बफर त्याच्यासाठी जुळवलेला असतो. थोड्या काळासाठी किंवा पुन्हा पुन्हा वापरायची असेल तर ४ अंशांना, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ एकदाच वापरण्यासाठी ठेवायची असेल तर उणे ८० अंशांना, अशी उत्पादकाची शिफारस आहे; ती तंतोतंत पाळावी.

फ्रीझरविषयी थोडक्यात. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर ठरावीक वेळाने आतून ऊबदार होतो. लहान आकारमानाच्या ट्यूब त्यात ठेवू नयेत. ४०० बेस-जोड्यांचे तुकडे गोठण्या-वितळण्याने तुटत नाहीत, पण दर वेळी झाकणावर आलेले बाष्प, उघडी राहिलेली ट्यूब आणि नव्या टोकाचा स्पर्श यांची किंमत पडते, म्हणून एका लायब्ररीचे दोन-तीन भाग करून ठेवणे उत्तम. प्लेटमधल्या १०-१५ मायक्रोलिटर द्रावणावरचे सील सैल असेल तर बर्फातूनही पाणी उडते आणि संहतीबरोबर बफरही घट्ट होतो. लायब्रऱ्या एकत्र मिसळून साठवण्यापेक्षा वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि चालवण्याच्या वेळी मिसळाव्यात. मोकळे अ‍ॅडॅप्टर शिल्लक असलेल्या मिश्रणात एका नमुन्याचा इंडेक्स (नमुना ओळखण्याचा छोटा क्रम) दुसऱ्याच्या रीडवर जाण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठीही ही शिफारस केली जाते.

मी नेहमी जो बफर तयार करते त्याची कृती सोपी आहे. १०० मिलिलिटरसाठी १ मोलार ट्रिस-एचसीएल, पीएच ८.०, याचे १ मिलिलिटर, ०.५ मोलार ईडीटीए, पीएच ८.०, याचे २० मायक्रोलिटर. आणि १० टक्के ट्वीन २० चे अर्धे मिलिलिटर. उरलेले पाणी. यातून १० मिलिमोलार ट्रिस, ०.१ मिलिमोलार ईडीटीए आणि ०.०५ टक्के ट्वीन मिळते. ट्रिस पातळ केल्यावर त्याचा पीएच दर दहा पटींमागे सुमारे ०.१ ने उतरतो, एवढा फरक चालतो. ट्वीन नको असेल तेव्हा ते वगळून दुसरी बाटली ठेवते. १० नॅनोमोलार किंवा त्याहून अधिक संहतीची लायब्ररी या दोहोंपैकी कशातही सुखरूप राहते. त्याखाली मी ट्वीन सोडत नाही, आणि १ नॅनोमोलारच्या खाली लायब्ररी साठवतच नाही, लागेल तेव्हा ताजी पातळ करते. ट्यूबवर नमुन्याचे नाव, संहती आणि तारीख यांबरोबर बफरचे नावही असावे, कारण पुढचा हिशोब करणाऱ्याला ते द्रावणाकडे पाहून कळणार नसते.

आधीच पाण्यात ठेवलेल्या लायब्रऱ्यांचे काय करावे, असे मला अनेकदा विचारले जाते. त्या टाकून देण्याचे कारण नाही. याच बफरचे दहापट तीव्र द्रावण तयार करावे, म्हणजे १०० मिलिमोलार ट्रिस, १ मिलिमोलार ईडीटीए, ०.५ टक्के ट्वीन, आणि ते लायब्ररीच्या नऊ मायक्रोलिटरमागे एक या प्रमाणात घालावे. संहती दहा टक्क्यांनी उतरेल, पण जुन्या आकड्यात तेवढा फरक कागदावर करून थांबू नये. क्यूपीसीआरने नव्याने मोजावे आणि तुकड्यांच्या लांबीचा आलेखही पुन्हा काढावा. आलेख पूर्वीसारखाच असून संहती मात्र या दहा टक्क्यांहून अधिक घटली असेल, तर डीएनए भिंतीवर गेला आहे आणि उरलेला विश्वासार्ह आहे. पीसीआर केलेली लायब्ररी असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या टोकांवरच्या पी५ आणि पी७ च्या प्रायमरनी तीन-चार चक्रांत ती पुन्हा वाढवता येते, फक्त जितके मूळ रेणू उरले त्याहून अधिक विविधता त्यातून परत मिळणार नाही. आलेखच आखूड तुकड्यांकडे सरकलेला असेल, तर न्यूक्लिएज आत आलेले आहे. अशी लायब्ररी वाढवण्याऐवजी, मूळ डीएनए शिल्लक असल्यास, नव्याने करावी, आणि जिच्यातून ती इल्यूट केली होती ती पाण्याची बाटली त्याच दिवशी टाकून द्यावी.